‘अलंकार ओळखा’च्या पुढे: अभिजात ब्रिटिश साहित्याचा अभ्यास कसा करावा

शाळेत आपण अलंकार शिकलो ते लक्षण आणि उदाहरण या जोडीनं. ‘खालील ओळीतील अलंकार ओळखा’ असा प्रश्न, ‘चेतनगुणोक्ती’ असं उत्तर, एक गुण. इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. करणारे, सेट-नेटची तयारी करणारे किंवा निव्वळ आवडीनं ऑस्टिन, डिकन्स हातात घेणारे बरेच मराठी वाचक हीच सवय बरोबर आणतात. मेटॅफर सापडला, खाली रेघ मारली, पान उलटलं. वर्षभर असं वाचूनही उत्तर लिहायला बसलं की व्याख्येपलीकडे काही सुचत नाही, कारण व्याख्येपलीकडे काही पाहिलेलंच नसतं.

यावर उपाय एकच. कुठलीही युक्ती, म्हणजे अलंकार किंवा भाषेचा असा मुद्दाम केलेला वापर, सापडली की तिला दोन प्रश्न विचारायचे: ती नेमकी इथंच का आली, आणि तिच्या जागी साधं विधान असतं तर काय हरवलं असतं? पुढे एक कविता, नाटकातल्या चार ओळी आणि कादंबरीतला एक छोटा उतारा घेऊन हे प्रश्न कसे लावायचे ते पाहू. क्रमही तोच ठेवा. थेट सहाशे पानी कादंबरीपासून सुरुवात केली की युक्त्या दिसायच्या आधीच दमछाक होते. सोळा ओळींची कविता तासा-दीड तासात पूर्ण उलगडता येते.

प्रत, टीपा आणि शब्दकोश

कादंबरीसाठी ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स किंवा पेंग्विन क्लासिक्सची प्रत घ्यावी, शेक्सपिअरसाठी आर्डेनची. एम.ए.ला असाल तर नॉर्टन क्रिटिकल आवृत्तीत मूळ संहितेबरोबर त्या काळची कागदपत्रं आणि निवडक समीक्षाही मिळते. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर बहुतेक अभिजात पुस्तकं फुकट आहेत. तिथं टीपा नसतात, पण एखादा शब्द पुस्तकात कुठेकुठे आलाय हे शोधायला ती डिजिटल प्रत फार उपयोगी पडते. छापील प्रत वाचायला आणि डिजिटल प्रत शोधायला, अशा दोन्ही जवळ असू द्या.

प्रतीचा मुद्दा वरवरचा नाही. ‘हॅम्लेट’ची १६०३, १६०४-०५ आणि १६२३ अशी तीन जुनी मुद्रणं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. आजचे संपादक यांतलं काय घ्यायचं ते ठरवतात, त्यामुळे दोन प्रतींत शब्द वेगळा दिसू शकतो आणि ओळींचे क्रमांकही सरकतात. आपल्या अभ्यासमंडळानं नेमलेली प्रत कोणती, हे आधी पाहून घ्या. ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत आणखी एक घोळ होतो: काही प्रतींत प्रकरणांना सलग क्रमांक असतात, तर काहींत प्रत्येक खंडात पुन्हा एकपासून. ‘एमा’ची ५५ प्रकरणं १८, १८ आणि १९ अशी तीन खंडांत विभागली आहेत, म्हणजे सलग क्रमांकानं पंचविसावं प्रकरण हे दुसऱ्या खंडातलं सातवं. टिपणात दोन्ही क्रमांक लिहून ठेवा.

शब्दकोशाच्या बाबतीत अनोळखी शब्दांची फार काळजी नको, ते आपण शोधतोच. फसवतात ते ओळखीचे शब्द. शेक्सपिअरमध्ये ‘प्रेझेंटली’ म्हणजे बहुधा ताबडतोब. ‘व्हेअरफोर’ म्हणजे का. ज्युलिएट रोमिओ कुठे आहे असं विचारत नाही, तू रोमिओच का आहेस असं विचारते. ऑस्टिनच्या काळात ‘कंडिसेन्शन’ हा वरच्या माणसानं खालच्याशी आपुलकीनं वागण्याचा गुण होता, आज तो दोष झालाय. ‘इन वाँट ऑफ’ म्हणजे हवं असणं आणि उणीव असणं, दोन्ही. अठराव्या शतकातल्या शब्दांसाठी सॅम्युअल जॉन्सनचा १७५५चा कोश इंटरनेटवर पाहता येतो. शेक्सपिअरसाठी स्वतंत्र शब्दसंग्रह आहेत, त्यांतला एखादा कायम हाताशी असावा.

शब्द तोच आणि हवामान वेगळं, असंही होतं. अठराव्या सुनीतात, म्हणजे चौदा ओळींच्या सॉनेटमध्ये, शेक्सपिअर प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करतो. वैशाखवणवा डोळ्यांसमोर ठेवून वाचलं तर ही स्तुती वाटणारच नाही. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे वर्षातले मोजके सुखाचे दिवस, आणि ते लवकर सरतात हीच कवीची तक्रार आहे. म्हणून तो उन्हाळ्याचा ‘लीज’, म्हणजे भाडेपट्टा, फार थोड्या मुदतीचा असल्याचं म्हणतो. ऋतूवर कायद्याची भाषा लादल्यामुळे सगळं सौंदर्य मुदतीवर घेतलेलं ठरतं. नवव्या ओळीत ‘बट’ येतो आणि कविता वळते. सुनीत वाचताना हे वळण आधी शोधायचं. इटालियन धाटणीत ते आठव्या ओळीनंतर येतं. शेक्सपिअरच्या धाटणीत ते कधी नवव्या ओळीत असतं, तर कधी शेवटच्या दोन ओळींत.

कविता: ब्लेकची ‘लंडन’, चार वाचनांत

विल्यम ब्लेकची ही कविता १७९४ सालच्या ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स’मधली. चार-चार ओळींची चार कडवी, एकाआड एक यमक. सुरुवातीला हिच्याइतकी सोयीची कविता दुसरी नाही, कारण भाषा सोपी असून प्रत्येक शब्द कामाला लावलेला आहे. वहीच्या डाव्या पानावर ती ओळींमध्ये भरपूर जागा सोडून हातानं उतरवून काढा. उजवं पान कोरं ठेवा.

पहिलं वाचन मोठ्यानं, दोनदा, हातात पेन्सिल न घेता. फक्त कान कुठे अडखळतो ते लक्षात ठेवायचं.

दुसऱ्या वाचनात अर्थ लावायचा. प्रत्येक कडव्याचा साध्या मराठीत एकेका वाक्यात सारांश उजव्या पानावर लिहा. कवी लंडनच्या रस्त्यांतून भटकतो आणि प्रत्येक चेहऱ्यावर दुबळेपणाच्या, दुःखाच्या खुणा पाहतो. प्रत्येक आवाजात त्याला मनानं घडवलेल्या बेड्या ऐकू येतात. धुराडी साफ करणाऱ्या पोरांचा आक्रोश, शिपायाचा सुस्कारा. शेवटी मध्यरात्री कोवळ्या वयाच्या वेश्येचा शाप. एवढंच. सारांशात जे बसलं नाही, त्याचा अभ्यास आता करायचा आहे.

तिसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांभोवती गोल करा. ‘चार्टर्ड’ दोनदा. ‘मार्क’ तीनदा. ‘एव्हरी’ पूर्ण कवितेत सातदा, त्यातले पाच एकट्या दुसऱ्या कडव्यात. आता प्रश्न विचारा.

‘चार्टर्ड’ का? चार्टर म्हणजे राजाची सनद. शहराला, व्यापारी मंडळाला ती मिळाली की त्याला हक्क मिळतात आणि बाकीच्यांचे हक्क आपोआप जातात. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभारही अशाच सनदेवर चालत होता आणि संसदेनं ती १७९३ सालीच आणखी वीस वर्षांसाठी वाढवून दिली होती. त्याच सुमारास राजकीय लेखक टॉमस पेननं ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये सनदा हक्क देत नाहीत, काढून घेतात, असा युक्तिवाद केला होता. ब्लेक ‘चार्टर्ड’ रस्ता म्हणतो तेव्हा ते समजण्यासारखं आहे, रस्ता माणसानं बांधलेला असतो. पुढच्याच ओळीत ‘चार्टर्ड’ टेम्स येते. वाहत्या नदीवर सनद! ब्लेकच्या हस्तलिखित वहीत इथं आधी ‘डर्टी’ असा शब्द होता, तो खोडून त्यानं ‘चार्टर्ड’ केला. घाणेरडा रस्ता, घाणेरडी नदी असं राहिलं असतं तर तक्रार अस्वच्छतेची झाली असती. नवा शब्द मालकीबद्दल बोलतो. शब्द बदलून पाहण्याची ही कसोटी कुठल्याही कवितेला लावता येते. इथं तर कवीनंच ती आपल्यासाठी लावून ठेवली आहे.

‘मार्क’कडे पाहा. आधी ते क्रियापद आहे, कवी चेहरे टिपतो. लगेच पुढच्या ओळीत ते नाम होतं, चेहऱ्यावरच्या खुणा. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांना एकाच शब्दानं बांधलंय; कवी स्वतःला या शहरातून बाजूला काढत नाही.

‘बॅन’ म्हणजे मनाई आणि शापही. लग्नाआधी चर्चमध्ये जी जाहीर घोषणा करतात, तिचं नावही याच उच्चाराचं. ‘अपॉल’ म्हणजे हादरवणं. मुळात फिकं पाडणं. शिवाय त्यात ‘पॉल’, म्हणजे शवपेटीवर घालायचं वस्त्र, ऐकू येतं. काजळीनं काळवंडत चाललेलं चर्च पोरांच्या आक्रोशानं पांढरं पडतं, असे दोन रंग एका ओळीत आदळतात. शेवटी लग्नाच्या गाडीऐवजी ‘मॅरेज हर्स’ येते, लग्नाची शववाहिनी. इथं विरोधाभास म्हणून थांबणाऱ्यानं दुसऱ्या कडव्यातला ‘बॅन’ आणि तिसऱ्यातला ‘अपॉल’ आठवावा. शववाहिनी अचानक आलेली नाही, तिचे आवाज आधीपासून येत होते.

चौथं वाचन रचनेसाठी. कुठलं इंद्रिय कुठे कामाला लागलंय ते समासात लिहा. पहिल्या कडव्यात डोळे. दुसऱ्यात कान, आणि कडवं ‘आय हिअर’वर संपतं. तिसऱ्यात शिपायाचा सुस्कारा रक्त होऊन राजवाड्याच्या भिंतींवरून ओघळतो. म्हणजे ऐकू येणारी गोष्ट दिसू लागते. जे दुःख कविता इतका वेळ ऐकत होती, त्याला जबाबदार कोण हे दाखवायची वेळ आली की आवाज भिंतीवर डाग होऊन उमटतो. याच कडव्याच्या चार ओळींची इंग्रजी आद्याक्षरं एच, ई, ए, आर अशी आहेत, म्हणजे ‘हिअर’. हे लक्षात आलं की आनंद होतो, पण सगळं उत्तर त्यावर उभं करू नका; सुस्काऱ्याचं रक्त होणं जास्त महत्त्वाचं आहे.

छंद: लघु-गुरू बाजूला ठेवा

भुजंगप्रयात, शार्दूलविक्रीडित शिकलेला वाचक इंग्रजी ओळीतही ऱ्हस्व-दीर्घ मोजू लागतो आणि हिशेब जुळत नाही. इंग्रजी छंद आघातावर चालतो: शब्दाच्या कुठल्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर पडतो, एवढंच पाहायचं. टेबलावर बोटानं ठोका देत म्हणा: आय वाँ-डर थ्रू ईच चार्-टर्ड स्ट्रीट. आठ अवयव, चार ठोके, प्रत्येक वेळी आधी हलका मग जोरकस. याला आयँबिक म्हणतात. तीन ओळी या चालीनं जातात आणि चौथीत: मार्क्स ऑफ वीक-नेस, मार्क्स ऑफ वो. सात अवयव, आणि ओळ थेट ठोक्यानंच सुरू होते. पहिल्या वाचनात कान अडखळला असेल तर तो इथं. भटकणाऱ्या माणसाची चाल तुटते आणि तिथंच खुणा दिसतात. तिसऱ्या कडव्यातल्या चारही ओळी सात अवयवांच्या आहेत. पोर, चर्च, शिपाई, राजवाडा, सगळे ठोक्यानं सुरू होतात.

छंदाचं काम एवढंच शोधण्यापुरतं आहे. संपूर्ण कवितेवर आघाताच्या खुणा करत बसणं हा वेळेचा अपव्यय. चाल ठरली की ती कुठे मोडते ते पाहा, आणि तिथं अर्थात काय घडतंय ते विचारा. शेक्सपिअरच्या ओळीत सहसा दहा अवयव असतात. ‘टू बी ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन’ मोजली तर अकरा येतात. ही चूक नव्हे. शेवटी एक हलका अवयव लोंबकळत ठेवलेला आहे, आणि प्रश्नाचा निकाल न लागणाऱ्या ओळीला ते साजतं. आघात कुठे पडतो याची खात्री नसेल तर शब्दकोशातली उच्चारखूण पाहा. मराठी वळणाचा उच्चार सगळे अवयव सारख्याच जोरानं म्हणतो आणि तिथंच ही मोजणी फसते.

नाटक: ‘हॅम्लेट’मधल्या चार ओळी

नाटक वाचताना आपण बहुतेकदा मोठ्या स्वगतांवर तुटून पडतो. युक्त्या शिकायच्या असतील तर छोट्या चकमकी जास्त शिकवतात. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात हॅम्लेट आईच्या खोलीत येतो:

गर्ट्रूड: हॅम्लेट, दाउ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.
हॅम्लेट: मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.
गर्ट्रूड: कम, कम, यू आन्सर विथ अॅन आयडल टंग.
हॅम्लेट: गो, गो, यू क्वेश्चन विथ अ विकेड टंग.

ओळीला ओळ, अगदी सवाल-जवाब. रचना तीच ठेवून शब्द उलटे फेकलेत, हे कुणालाही दिसेल. आता सर्वनामांवर बोट ठेवा. ‘दाउ’ म्हणजे तू, ‘यू’ म्हणजे तुम्ही. आजच्या इंग्रजी वाचकाला हा फरक टीपेतून शिकावा लागतो. मराठी माणसाला तो रोजच्या बोलण्यात असतो, आणि शेक्सपिअर वाचताना याचा पुरेपूर फायदा घ्यायला हवा.

पण मराठी घरातली रीत जशीच्या तशी लावू नका. आपल्याकडे मुलगा आईला ‘तू’ म्हणतो. हॅम्लेट आईला ‘यू’ म्हणतो ती त्या दरबारातली नेहमीची अदब आहे. पहिल्या अंकातही तो तिच्याशी असाच बोलतो. त्यात तुटकपणा शोधू नये. वेगळं घडतं ते गर्ट्रूडच्या तोंडी. पहिल्या अंकात ती मुलाला ‘दाउ’, ‘दाय’ म्हणते, इथंही पहिल्या ओळीत ‘दाउ’ आहे, आणि टोला बसताच तिसऱ्या ओळीत ती ‘यू’वर येते. चिडलेली आई लेकराला एकाएकी ‘तुम्ही आता मोठे झालात’ म्हणते तेव्हा जे घडतं तेच. एका सर्वनामात तिनं त्याला जवळून दूर केलं.

‘फादर’ हा शब्द दोघांच्या ओळीत आहे आणि माणूस वेगळा आहे. तिच्या लेखी ‘तुझा बाप’ म्हणजे क्लॉडियस, हॅम्लेटचा काका आणि तिचा आताचा नवरा; त्याच्या लेखी ‘माझा बाप’ म्हणजे मेलेला राजा. नाटकातलं सगळं भांडण त्या एका नात्याच्या शब्दावर उभं आहे. शेवटच्या ओळीतला ‘विकेड’ १६०४-०५च्या मुद्रणातला. १६२३च्या मुद्रणात तिथं पुन्हा ‘आयडल’च आहे. ‘आयडल’ घेतला तर हॅम्लेट आईचा शब्द तिच्यावरच उलटवतो, ‘विकेड’ घेतला तर आरोप करतो. तुमच्या प्रतीत कुठला आहे त्यावर तुमचं विधान बदलेल.

नाटकाच्या प्रत्येक प्रवेशासाठी वहीत चार नोंदी ठेवा: कोण पद्यात बोलतं आणि कोण गद्यात, ‘दाउ’-‘यू’ कुठे बदलतं, रंगमंचावर कोण आहे पण बोलत नाही, आणि प्रेक्षकाला माहीत असलेलं कुठल्या पात्राला माहीत नाही. ‘मॅक्बेथ’ला हे चार प्रश्न लावून पाहा. लेडी मॅक्बेथ पाचव्या अंकात झोपेत चालताना गद्यात बोलते, एरवी तिचं पद्य किती घट्ट असतं! पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात राजा डंकन कॉडरच्या गद्दार सरदाराबद्दल म्हणतो की त्याच्यावर आपला पूर्ण विश्वास होता, आणि त्याच क्षणी मॅक्बेथ आत येतो, ज्याला नुकतंच कॉडरचं पद मिळालंय. रंगसूचनाच इथं युक्ती झाली आहे. छापील पानावर ती तिरप्या अक्षरातली छोटीशी ओळ असते आणि भरभर वाचणारा ती ओलांडून जातो.

मराठीत ‘उपरोध’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते आयरनीचा एकच भाग आहे, बोलण्यातला. डंकनच्या ओळीत उपरोध कुणीच करत नाही, तो मनापासून बोलतोय. तिथं नाट्यगत आयरनी आहे: आपल्याला माहीत, त्याला नाही. उत्तरात हे दोन प्रकार वेगळे लिहा.

कादंबरी: कुणाचा आवाज, कुणाचे शब्द

कादंबरीत उपमा-रूपकं शोधत बसलात तर मुख्य गोष्ट निसटते. इथं पहिला प्रश्न आवाजाचा. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये लॉकवुड हा भाडेकरू सांगतो ते बहुतेक घरकाम करणाऱ्या नेलीनं त्याला सांगितलेलं असतं, आणि नेलीही पूर्ण निःपक्ष नाही. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये वॉल्टन या दर्यावर्द्याच्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची कहाणी आणि तिच्या पोटात त्यानं घडवलेल्या जीवाची. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये मोठा पिप लहान पिपबद्दल सांगतो, त्यामुळे प्रत्येक वाक्याला ‘हे तेव्हाच्या पोराला कळत होतं की आत्ताच्या माणसाला?’ असं विचारावं लागतं. हीच कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकात क्रमशः आली. प्रकरणांच्या शेवटी धक्का का ठेवला जातो, याचं अर्धं उत्तर तिथं आहे. अशा कादंबऱ्यांना पहिल्या पानावर वंशावळ किंवा निवेदकांची उतरंड काढून ठेवा. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये आई आणि मुलगी दोघींचं नाव कॅथरीन आहे, कागदावर न मांडता दुसऱ्या पिढीत हमखास गोंधळ होतो.

जेन ऑस्टिनची ‘एमा’ डिसेंबर १८१५मध्ये प्रसिद्ध झाली. सोळाव्या प्रकरणाची सुरुवात पाहा. आदल्या प्रकरणात, ज्या एल्टनचं लग्न मैत्रिणीशी जुळवण्याचा एमाचा खटाटोप चालला होता, त्यानं घोडागाडीत एमालाच मागणी घातली आहे. आता:

‘द हेअर वॉज कर्ल्ड, अँड द मेड सेंट अवे, अँड एमा सॅट डाउन टू थिंक अँड बी मिझरेबल. इट वॉज अ रेचेड बिझनेस इन्डीड! सच अॅन ओव्हरथ्रो ऑफ एव्हरीथिंग शी हॅड बीन विशिंग फॉर!’

पहिलं वाक्य निवेदिकेचं आहे. केस कुरळे करून झाले, दासीला पाठवून दिलं, आणि मग एमा विचार करायला आणि दुःखी व्हायला बसली. क्रम बघा: दुःख खरं आहे, पण केस आवरून होईपर्यंत ते थांबू शकलं. तिच्याविरुद्ध एक शब्दही न बोलता ऑस्टिननं तिचं माप काढलं.

दुसरं वाक्य कुणाचं? ‘ती’ आणि भूतकाळ निवेदिकेचा, पण तो उद्गार, ते ‘इन्डीड’, तो तळतळाट एमाचा. ‘असं तिला वाटलं’ हे शब्द कुठेच नाहीत. यालाच फ्री इनडायरेक्ट स्टाइल म्हणतात आणि ऑस्टिन वाचायची तर हे ओळखता आलंच पाहिजे. कसोटी सोपी आहे. ‘शी’च्या जागी ‘आय’ घाला, भूतकाळाचा वर्तमान करा. ‘इट इज अ रेचेड बिझनेस इन्डीड!’ हे जसंच्या तसं एमाचं बोलणं झालं, म्हणजे वाक्य तिच्या मनातलं. हाच बदल पहिल्या वाक्याला करून पाहा. ‘मी विचार करायला आणि दुःखी व्हायला बसले’ असं कुणी स्वतःबद्दल म्हणत नाही. ते वाक्य बाहेरचं.

हे का महत्त्वाचं? कारण एमाची गैरसमजूत निवेदिकेच्या आवाजात येते आणि वाचक तिला सत्य मानून बसतो. पंचविसाव्या प्रकरणात एमाच्या गावी पाहुणा आलेला फ्रँक चर्चिल केवळ केस कापायला सोळा मैलांवरच्या लंडनला जाऊन येतो. त्यात गैर काही नव्हतं, पण नखरेलपणा आणि पोरकटपणा होता, जो ‘तिला’ पसंत नव्हता, असं कादंबरी म्हणते. आपणही मान डोलावतो. लगेच पुढच्या प्रकरणात गावातल्याच जेन फेअरफॅक्स या तरुणीकडे कुणीतरी निनावी पियानो पाठवल्याची बातमी येते. दोन गोष्टींचा संबंध एमा लावत नाही, म्हणून आपणही लावत नाही. लंडनची फेरी पियानोसाठी होती हे फार पुढे कळतं.

म्हणूनच ‘एमा’ दोनदा वाचावी लागते. पहिल्यांदा दिवसाला तीन प्रकरणं धरली तर एकोणीस दिवसांत पुस्तक संपतं. त्या वाचनात समासात फक्त प्रश्नचिन्हं घाला, टिपणं काढू नका. दुसऱ्यांदा पूर्ण नको. फ्रँक, जेन आणि एल्टन असलेली प्रकरणं घ्या आणि दोन रंगांच्या पेन्सिली वापरा: एक निवेदिकेच्या वाक्यांना, एक एमाच्या मनातल्या वाक्यांना. काही वाक्यांना कुठला रंग द्यावा ते ठरणार नाही. त्यांना दोन्ही द्या आणि त्यांवरच लिहा, उत्तराचा गाभा तिथं सापडतो.

मराठी भाषांतरांचा उपयोग

आगरकरांचं ‘विकारविलसित’ ‘हॅम्लेट’वरून, शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ ‘मॅक्बेथ’वरून, विंदांचा ‘राजा लिअर’. ही पुस्तकं कथा समजून घेण्यासाठी वाचू नका, त्यांचा त्याहून चांगला उपयोग आहे. मूळ प्रवेशातल्या दहा ओळी आणि मराठीतल्या त्याच ओळी शेजारी ठेवा. भाषांतरकारानं कुठे शब्द वाढवले, कुठे प्रतिमा बदलली, कुठे श्लेष सोडून दिला ते खुणेनं दाखवा. जिथं भाषांतराची वाट अडली तिथं मूळ भाषेतली युक्ती सर्वांत घट्ट बसलेली असते. ‘एमा’च्या त्या उद्गारवाक्याचं स्वतः मराठी करून पाहा, ‘असं तिला वाटलं’ घालण्याचा मोह किती होतो ते कळेल, आणि ते घातलं की काय मरतं तेही.

उत्तर लिहिताना

संदर्भ, म्हणजे राजा कोण होता, युद्ध कुठलं होतं, हे वाचन झाल्यावर आणि एखाद्या शब्दाला बांधूनच आणा. पहिला परिच्छेद कवीच्या जन्मसालावर आणि युगाच्या वैशिष्ट्यांवर खर्च केला की परीक्षकाला तुम्ही कविता वाचल्याचा पुरावा दुसऱ्या पानापर्यंत मिळत नाही. ‘चार्टर्ड’ची सनद सांगितली की अठराव्या शतकाचा शेवट आपसूक आला.

एका परिच्छेदात एकच युक्ती घ्या. आधी तुमचं म्हणणं, मग तीन ते सहा शब्दांचं अवतरण, मग शब्द बदलला तर काय जातं ते, मग कवितेतल्या दुसऱ्या जागेशी जोड. लांब अवतरणं पाठ करून उतरवली तर ती स्पष्ट करायला जागाच उरत नाही.

कच्चा परिच्छेद असा असतो: ‘ब्लेकने या कवितेत पुनरुक्ती, प्रतिमा आणि विरोधाभास या तंत्रांचा प्रभावी वापर केला आहे. त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढते.’ हे कुठल्याही कवितेबद्दल लिहिता येईल. पक्का असा: ‘ब्लेक चार्टर्ड हे विशेषण आधी रस्त्याला आणि लगेच टेम्सला लावतो. रस्त्यावर मालकी सांगता येते, वाहत्या पाण्यावर ती हास्यास्पद ठरते. शब्द तोच ठेवल्यामुळे हा अतिरेक वाचकाच्या लक्षात येतो. नदीपर्यंत पोहोचलेली ही सनदच पुढच्या कडव्यात मनापर्यंत पोहोचते आणि तिथं तिच्या बेड्या होतात.’ यात युक्तीचं नाव एकदाही आलेलं नाही. पुनरुक्ती हा शब्द घालायचा असेल तर खुशाल घाला, गुणपत्रिकेसाठी तो हवाच असतो. पण परिच्छेद त्याच्यावाचूनही उभा राहायला हवा.

उत्तर संपल्यावर पाच मिनिटं राखून ठेवा आणि एकच तपासणी करा. प्रत्येक वाक्य दुसऱ्या एखाद्या कवितेबद्दलच्या उत्तरात जसंच्या तसं चालेल का? जे चालेल ते खोडा, आणि त्या जागी कवितेतला एक शब्द आणून बसवा.